बघू का?

कुणाच्याही पायाला हात लावण्याआधी मिन-जी विचारायची, "बघू का?"

आमच्याकडे सकाळी साडेसातला पाय भिजवायचे टब मांडले जातात. तीसेक पेशंट बाकांवर ओळीने बसतात, पाय पाण्यात. वीस मिनिटांनी पाय बाहेर काढायचे, घट्टे दगडाने घासायचे, तेल लावायचं, जखम असेल तिथे पट्टी बांधायची. रोज तेच पाय आणि रोज तेच काम. तरी ही पोरगी प्रत्येकासमोर गुडघे टेकून बसायची, मान किंचित झुकवायची आणि विचारायची, "बघू का?" समोरचा हो म्हणाला की मगच त्याचा पाय मांडीवर घ्यायची. कुणी नाही म्हणालं तर पुढच्याकडे जायची आणि शेवटी परत येऊन पुन्हा विचारायची. पहिल्या आठवड्यात बायका हसून हसून बेजार झाल्या. ठकूबाई तर म्हणाली, "अगं बघ की. काल बघितला तोच पाय हाय. बदलून आनला का काय म्या?"

मला हसू यायचं नाही, राग यायचा. एकेकाला विचारण्यात अर्धा मिनिट म्हटला तरी तीस जणांचा पाव तास होतो, आणि तो पाव तास माझ्या डोक्यावर बसतो. मी ड्रेसर. नाशिकरोडच्या पुढे, भाजीच्या शेतांच्या मधोमध मिशनचा हा जुना कुष्ठरोग दवाखाना आहे आणि गेली बावीस वर्षं मी इथे जखमा धुते. आम्ही बौद्ध. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होते. मी मिशनमध्ये लागले तेव्हा आईला धास्ती होती की मुलगी बाटणार. बावीस वर्षांत मला कुणी बाटवलं नाही, फक्त राबवलं.

परदेशातले इंटर्न दरवर्षी यायचे. त्यांच्या देशातलं एखादं चर्च त्यांना सेवेसाठी पाठवायचं. कुणी तीन महिने, कुणी सहा. मी त्यांची नावंही पाठ करत नसे. काही पहिल्या दिवशी रडायचे, काही तिसऱ्या आठवड्यात पोट बिघडून झोपायचे, काहींना पेशंटपेक्षा दवाखान्यातली मांजरं आवडायची. जाताना सगळेच मिठ्या मारायचे आणि पुन्हा येईन म्हणायचे. मिन-जी कोरियाची, समुद्राकाठच्या एका लहान गावातली. एका वर्षासाठी आली होती. वय चोवीस, अंगकाठी बारीक, केस कानापर्यंत कापलेले. पेशंटनी तिचं दुसऱ्याच दिवशी मंजू करून टाकलं. मी मनात म्हटलं, ही पावसाळाही काढणार नाही.

तिने काढला. पहाटे पाचला उठून ती खोलीत एकटी प्रार्थना करायची. सहाला पट्ट्या उकळायला टाकायची, साडेसातला टबांपाशी हजर. दुपारी स्वयंपाकघरात लसूण सोलणाऱ्या बायकांत बसायची. रविवारी नाशिकरोडच्या चर्चमध्ये जायची. तिथली मराठी गाणी अर्थ न कळता मोठ्याने म्हणायची आणि दवाखान्यात परतल्यावर मला त्यातले शब्द विचारायची. मला कुठे ठाऊक? मी म्हणायची, "मी तिकडची नाही गं, पाद्रीबाबाला विचार." तिने गावाहून बरणीत कोबीचं तिखट लोणचं आणलं होतं. ते तिने वॉर्डात वाटलं. ठकूबाईने एक घास खाल्ला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "नासलंय, पन चांगलं नासलंय." मग उरलेली बरणी तिनेच संपवली.

मराठी शिकायची तिची रीत निराळी होती. चूक झाली की ती ओशाळत नसे. "चुकलं. परत," एवढंच म्हणायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. पट्टी सैल झाली, चुकलं, परत. "ती पाय" म्हटलं गेलं, चुकलं, परत. अक्षरं तिने खाटांवरच्या नावांच्या पाट्यांवरून गोळा केली. सुट्टीच्या दिवशी मी तिला बाजारात न्यायची तेव्हा स्टँडवर उभी राहून ती बसच्या पाट्या वाचायची. कळवण लगेच जमलं. सिन्नरपाशी मात्र अडकली. जोडाक्षर पाहून तिने नाक मुरडलं, हवेत बोट फिरवलं. "सि-न-र. चुकलं. परत." चौथ्या वेळी सिन्नर बरोबर आलं तेव्हा तिने आनंदाने माझा दंड धरला. तोपर्यंत बस निघूनही गेली होती.

एकदा मी वैतागून विचारलं, "तू रोज त्यांना का विचारतेस? ते काय नाही म्हणणार आहेत?"

ती थोडा वेळ शब्द जुळवत राहिली. मग म्हणाली, "ताई, पायाला कळत नाही. मी हात लावला, सुई लावली, पायाला कळत नाही. म्हणून माणसाला विचारायचं."

हे खरंच होतं. या रोगात पाय बधिर होतात. औषधाचा कोर्स पुरा होतो, रोग जातो, दुसऱ्याला लागण्याची भीतीही राहत नाही, पण गेलेली जाण परत येत नाही. चपलेत खडा रुतला तरी कळत नाही, तापलेल्या तव्यावर हात पडला तरी कळत नाही. माणूस दिवसभर चालतो आणि संध्याकाळी पाहावं तर तळव्याला भोक. मी बावीस वर्षं अशा पायांना हात घालत होते आणि कळत नाही म्हणूनच न विचारता घालत होते. हे मला एका परक्या पोरीने सांगावं, याचा मला तेव्हा रागच आला.

आता ठकूबाईचं सांगायला हवं, कारण मिन-जीचं ते वर्ष म्हणजे ठकूबाईच होती.

ठकूबाई कळवणकडच्या एका गावातली. नवरा लवकर गेला. मुलगी पाच वर्षांची असताना अंगावर चट्टे उठले. भावाने, कचरूने, मुलीला आपल्या घरी नेलं आणि बहिणीला आमच्याकडे आणून सोडलं. गावात सांगितलं, बहीण वारली. वाईट माणूस नव्हता कचरू. त्याने भाचीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, बारावीपर्यंत शिकवलं. वर्षातून दोनदा तो ठकूबाईला भेटायला यायचा. एकदोनदा मुलीलाही घेऊन आला होता. रविवारी दुपारी मुलीचा फोन यायचा. ठकूबाई आखडलेल्या बोटांनी फोन कानाशी धरून सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलायची. मुलीचं नाव सुरेखा.

त्या थंडीत सुरेखाचं लग्न ठरलं. मुलगा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, माणसं बरी. त्यांना अर्थात हेच ठाऊक होतं की मुलीला आई नाही. कचरू हे सांगायला आला तेव्हा ठकूबाईने आधी तारीख नीट ऐकून घेतली. मग तिने विचारलं, "म्या येऊ का? मावशी म्हनून?"

कचरूने जमिनीकडे पाहिलं.

"लांबची मावशी सांग," ती म्हणाली. "मागं हुभी राहीन. अक्षता टाकीन आन निघून येईन. जेवायची पन नाय."

कचरूने शेवटी मान डोलावली. पण दोन गोष्टी सांगितल्या. पायाला पट्टी नको आणि पायात ती चप्पल नको. ती चप्पल म्हणजे आमच्या पेशंटना मिळते ती, जाड काळ्या मऊ रबराची, मागे पट्टा असलेली. आमच्या भागात ती चप्पल पाहिली की बसमध्ये शेजारचा माणूस उठून उभा राहतो. आणि ठकूबाईच्या उजव्या तळव्याला तर दोन वर्षांची जखम होती, रुपयाएवढी. कितीदा भरत आली आणि कितीदा फुटली, मी मोजणं सोडून दिलं होतं.

मिन-जीने ते लग्न मनावर घेतलं. लग्न एप्रिलमध्ये होतं, हातात चार महिने होते. तिने ठकूबाईला चालणं बंद केलं. संडासलासुद्धा चाकाच्या खुर्चीतून नेऊ लागली. सकाळ-संध्याकाळ पाय भिजवायची, कडांचं मेलेलं कातडं तासायची, आरसा धरून ठकूबाईला तिचाच तळवा दाखवायची. "बघू का?" म्हणायची आणि मग दोघी मिळून त्या जखमेकडे वाकून पाहत बसायच्या. दरम्यान तिने आमच्या चपला बनवणाऱ्या मिस्त्रीच्या मागे लागून एक सँडल करून घेतली. वरून बाजारात मिळते तशी, मरून रंगाची, सोनेरी बक्कल असलेली. आत आमचं मऊ रबर. ठकूबाईने ती उशाशी ठेवली. आल्यागेल्याला दाखवायची, पायात घालायची मात्र नाही. म्हणायची, "मळंल."

फेब्रुवारीत जखम बंद झाली. तळव्यावर गुलाबी कातडं आलं होतं, पातळ, पण आलं होतं. मी बावीस वर्षांत असल्या जखमा फार थोड्या बंद होताना पाहिल्या आहेत. दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर सरांनी येऊन पाहिलं आणि मिन-जीच्या पाठीवर थाप मारली. ठकूबाई आरसा सोडेना.

आणि इथेच ते घडलं, ज्यासाठी मी हे लिहायला बसले आहे.

मिशनच्या इंटर्नना दर महिन्याला आपल्या चर्चला पत्र लिहावं लागतं. इथे काय केलं, कुणासाठी प्रार्थना करावी, दोनतीन फोटो. तिकडे ते रविवारी वाचून दाखवतात. मिन-जीला त्या महिन्यात ठकूबाईबद्दल लिहायचं होतं. ती माझ्याकडे आली. "ताई, ठकूबाईंना विचारा. फोटो काढू का? पत्रात लिहू का? माझी मराठी चुकेल." मी एका म्हाताऱ्याची जखम धूत होते, हातमोजे रक्ताने भरलेले. मी तिथूनच ओरडले, "ठकूबाई, मंजू फोटो काढतीये. हसा जरा!"

ठकूबाई हसली. तळवा पुढे करून, हातात मरून सँडल धरून. मी मिन-जीला म्हटलं, "हो म्हणतायत."

सरांना वाचता यावं म्हणून मिन-जीने पत्र आधी इंग्रजीत लिहिलं, तिथून कोरियन केलं. इंग्रजी पत्रात होतं एवढंच: एका आईची जखम बंद झाली, ती मुलीच्या लग्नाला जाणार आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा. नाव नाही, गाव नाही. डॉक्टर सरांना पत्र फार आवडलं. मिशनचं मोबाइलवर पान आहे, त्यावर मराठीत टाकू म्हणाले. मराठी करायचं काम माझ्याकडे आलं. शाळेत निबंधाला मला बक्षिसं मिळायची. वाटलं, एवढं चांगलं झालंय, तर नीट लिहावं. "एका आईची" हे मला कोरडं वाटलं. मी लिहिलं, कळवण तालुक्यातल्या ठकूबाई. गावाचं नाव लिहिलं. मुलगी सुरेखा, लिहिलं. येत्या एप्रिलमध्ये सिन्नरला सासरी जाणार, असंही लिहिलं. खाली फोटो. पुन्हा वाचून पाहिलं तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. ती आणि तिचा भाऊ पंधरा वर्षं जे लपवत आले होते ते मला चांगलं ठाऊक होतं. पण लिहिताना ते माझ्या ध्यानातच आलं नाही. माझ्या ध्यानात फक्त वाक्यं होती.

पंधरा दिवसांनी कचरू आला. मी, मिन-जी आणि डॉक्टर सर वऱ्हांड्यात उभे होतो. त्याने फोन आमच्यासमोर धरला.

"हे कोनी केलं?" तो ओरडला नाही. "काल पाव्हने आल्ते. पोराच्या कंपनीतल्या कोनीतरी त्याला धाडलंय. म्हने, ही कोन? नाव तेच, गाव तेच, सुरेखा तीच. मंग आई मेली, आसं का सांगितलं?"

"मग?" सरांनी विचारलं.

"मंग काय. म्या म्हनलं, ही आमची नाय. एका नावाच्या धा बाया असत्यात. ते म्हनले, शपथ घे. म्या पोरीच्या डोक्यावर हात ठिवला." त्याने फोन खिशात टाकला. "तिच्या आईबद्दल खोटी शपथ घ्यायला लावली तुमी मला."

"आणि सुरेखा?" मी विचारलं.

"गप हुभी व्हती."

लग्न मोडलं नव्हतं. पाहुण्यांनी शपथ मानली, किंवा मानल्यासारखं केलं. पण आता ठकूबाईचा चेहरा त्यांच्या सगळ्या नातेवाइकांच्या फोनमध्ये होता. मावशी म्हणूनसुद्धा ती मांडवात उभी राहू शकत नव्हती. भावाने भाचीला बजावलं होतं, फोनही करायचा नाही.

सरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "हे कसं झालं? यात नावं घालायला कुणी सांगितलं?"

मी तोंड उघडलं असेन, नसेन, मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की माझ्या आधी मिन-जी बोलली. "सर, पत्र माझं. चूक माझी."

मी गप्प राहिले. माझी नोकरी होती, घरी शिकणारी मुलगी होती, बावीस वर्षांची अब्रू होती. आणि मला वाटलं, हिला मराठी वाचून काय कळलं असणार, हिला वाटत असेल आपल्याच पत्रात काहीतरी चुकलं. मी त्या समजुतीच्या आड उभी राहिले. सर मिन-जीला ऑफिसात घेऊन गेले. बाहेर आली तेव्हा ती पांढरी पडली होती. ती सरळ ठकूबाईच्या खाटेपाशी जाऊन गुडघ्यांवर बसली. कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकली. तिच्या देशात अशी माफी मागतात, हे मी तेव्हा पाहिलं.

"चुकलं," ती म्हणाली. मी वाट पाहत होते. पुढचा शब्द आलाच नाही.

ठकूबाईने तिला उठवायचा प्रयत्न केला, पण आखडलेल्या हातात जोर कुठला. "ऊठ गं पोरी. मी तर मेलेलीच व्हती ना? पंधरा वर्सं झाली. मेलेल्या बाईला कशाचं लगीन आन कशाचं काय." मग ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त दुपारी बाराचा होता. पावणेबाराला मिन-जीने ठकूबाईसमोर टब ठेवला. दुपारी आम्ही कधी पाय भिजवत नाही. ठकूबाईने काही न विचारता पाय पाण्यात सोडले. मिन-जी शेजारी बसली आणि तिने आपलेही पाय त्याच टबात घातले. बारा वाजले. ठकूबाईने ओंजळीत पाणी घेतलं आणि हळूच टबात सोडलं. अक्षता टाकतात तसं. एकदा, दोनदा, तीनदा. मी दारात होते. मला आत जायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ठकूबाईने मरून सँडल शेजारच्या खाटेवरच्या बाईला देऊन टाकली. "तुला व्हतील," म्हणाली. आणि चालायला लागली. अनवाणी. सकाळी आवारात चकरा, दुपारच्या उन्हात तापलेल्या फरशीवर चकरा. आम्ही खुर्चीत बसवायचो, ती उठायची. मी रागावले, सर रागावले. मिन-जी रागावली नाही. ती फक्त रोज समोर बसून विचारायची, "बघू का?"

"नको," ठकूबाई म्हणायची.

मिन-जी पुढच्याकडे जायची आणि शेवटी परत यायची. "बघू का?"

"नको."

पंधरा दिवसांत गुलाबी कातडं फाटलं. महिन्याभरात हाड दिसायला लागलं. मग ताप. पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, असं शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. ठकूबाईने संमतीच्या कागदावर अंगठा द्यायला नकार दिला. मी मिन-जीला म्हटलं, "तू सांग, तुझं ऐकेल." मिन-जीने मान हलवली. "मी विचारलं. ती नाही म्हणाली." मला तिचा भयंकर संताप आला. एवढा कसला विचारायचा सोस, माणूस मरतंय समोर! तिला मी हे बोललेही. ती ऐकून घेत राहिली. दुसऱ्या दिवशी मला दिसलं की तिने स्वतःच्या हाताची नखं रक्त येईपर्यंत कुरतडली होती.

त्या महिन्यांत तिने चर्चला पत्रं लिहिली नाहीत. तिकडून विचारणा आली, मग सरांना फोन आला. काय सेवा चालू आहे ते कळवत नसेल तर तिला परत बोलवावं लागेल, असं म्हणाले. सरांनी तिला समजावलं, चार ओळी लिही, हवामानावर लिही. ती म्हणाली, "मी कुणाबद्दल लिहिणार? मी कुणाला विचारलं नाही." वर्ष संपायला थोडेच दिवस उरले होते, म्हणून सरांनी ते कसंबसं निभावून नेलं.

ठकूबाई जुलैमध्ये गेली, सकाळी, टब मांडायच्या वेळी. आदल्या दिवशी तिला शुद्ध होती. मिन-जीने विचारलं, "बघू का?" आणि ठकूबाई पहिल्यांदा म्हणाली, "बघ." मिन-जीने पट्टी सोडली. वास असा होता की मी बावीस वर्षांची मुरलेली बाई, मीही मागे सरले. तिने तो पाय मांडीवर घेतला, धुतला, चांगल्या कातडीला तेल लावलं, पट्टी बांधली. दुसरा पायही धुतला. ठकूबाई म्हणाली, "सुरेखाला दिवस गेल्यात म्हनं." कुणी सांगितलं होतं देव जाणे. कदाचित कुणीच नाही.

कचरूला कळवलं. तो आला नाही. कसा येणार? त्याच्या गावात आणि सिन्नरला ती कधीच मेली होती. अग्नी आमच्या वॉर्डबॉयने दिला. मिन-जी आणि मी बाजूला उभ्या होतो. तिने तिच्या भाषेत प्रार्थना म्हटली, मी मनात त्रिशरण म्हटलं.

ऑगस्टमध्ये ती निघाली. मुंबईची बस नाशिकरोडच्या स्टँडवरून होती. तिला सोडायला मी एकटीच गेले. तिच्याकडे एक पिशवी आणि पाय पाहायचा तो लहान आरसा होता. मला वाटलं, आज बोललं पाहिजे. पाच महिने मी ते टाळत आले होते. बाकावर बसल्यावर मी म्हटलं, "मिन-जी, त्या मराठी मजकुरात..."

"माहीत आहे, ताई," ती म्हणाली.

समोरच्या फलाटाला एक बस लागत होती. तिने पाटीकडे बोट केलं आणि न अडखळता वाचलं, "सिन्नर." मग माझ्याकडे पाहिलं. "मला वाचता येतं. तुम्ही शिकवलं."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. मी म्हटलं, "मग तू तेव्हा का बोलली नाहीस? सरांसमोर सगळं आपल्यावर का घेतलंस?"

ती नेहमीसारखी शब्द जुळवत राहिली. "मी जाणार होते. तुम्ही राहणार होता. तुम्हाला काढलं तर पाय कोण बघणार?" मग म्हणाली, "आणि पहिली चूक माझी. मी ठकूबाईंना विचारलं नाही. मी तुम्हाला विचारलं."

तिच्या बोलण्यात माफी नव्हती आणि ठपकाही नव्हता. बस आली. मी रडत होते, ती रडत नव्हती. तिने माझ्यासमोर मान झुकवली आणि चढली. पुन्हा येईन असं ती म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कामाला लागा." त्या दिवसापासून मीही प्रत्येकासमोर बसते आणि विचारते. पाव तास जास्त लागतो. नव्या नर्सबाई माझ्यावर वैतागतात, त्यांना मी काही सांगत नाही.

हे लिहिण्याआधी मी मिन-जीला फोनवर विचारलं, तुझ्याबद्दल लिहू का? ती आता तिच्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या एका दवाखान्यात असते. दोन दिवसांनी उत्तर आलं, मराठीत: "माझं लिहा. चुकलं तेही लिहा. त्यांचं नको."

म्हणून सांगते. ठकूबाईचं नाव ठकूबाई नव्हतं. ती कळवणकडची नव्हती, मुलगी सिन्नरला दिलेली नाही आणि तिचं नाव सुरेखा नाही. भावाचं नावही मी बदललं आहे, सँडलचा रंगही. मिन-जीचं नाव खरं आहे, आणि मी जे केलं ते खरं आहे. तरीही लिहिताना हात अडखळत राहिला, कारण जिला विचारायला हवं होतं तिला मी याही वेळी विचारलेलं नाही.